संगणकाच्या मौनाचा इतिहास

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा आवाज गेल्याची तक्रार क्वचितच झाली असेल. जाण्याजोगा आवाज त्यात नव्हताच. एक लहानसा स्पीकर, त्याला ठोके देणारी इंटेलची ८२५३ ही टायमर चिप, आणि पडद्याच्या दोनच अवस्था : पुढे वा मागे.

त्याच वर्षी सिंगापूरच्या पर्ल्स सेंटरमध्ये सिम वोंग हू यांनी एका मित्रासह संगणक दुरुस्तीचे दुकान थाटले. या ‘क्रिएटिव्ह’नेच १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर कार्ड आणले. संगीतासाठी यामाहाची चिप आणि नोंदवलेल्या ध्वनीसाठी ८ बिटांची वाहिनी. घरगुती संगणकाच्या मौनाचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

हे कार्ड स्मृतीतील ध्वनीचा तुकडा प्रोसेसरला न अडवता थेट उचलत असे. तुकडा संपला की ‘पुढचा द्या’ असा इशारा एका क्रमांकित तारेवरून पाठवी. आरंभीच्या कार्डांवर ही तार ७ क्रमांकाची होती, आणि ७ म्हणजे प्रिंटरची परंपरागत तार! इशारा प्रोग्रामपर्यंत न पोहोचल्यास पहिला तुकडा वाजे. मग शांतता, किंवा तोच तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा पुन्हा पुन्हा. डॉसमधील छपाई बहुधा ही तार वापरतच नसे, म्हणून पुष्कळांचे निभावले. ज्यांचे निभावले नाही, त्यांनी पेटी उघडून जंपर ५ वर सरकवला आणि तोच आकडा ऑटोएक्झेक फाइलमध्ये लिहिला. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मौन. तो बिघाड त्रासदायक होता खरा, पण प्रामाणिक होता : डोळ्यांना दिसे.

विंडोज ९५ ने आकडे आपोआप वाटायला सुरुवात केली. १९९७ च्या एसी’९७ मानकानंतर ध्वनी हळूहळू मदरबोर्डवरच स्थिरावला. २००४ च्या एचडी ऑडिओने खाचेत पिन घातल्याचे ओळखणे सुलभ केले. जंपर गेला, बिघाड मात्र सॉफ्टवेअरमध्ये शिरला. आज कित्येकदा सर्व काही धडधाकट असते. फक्त ध्वनी एचडीएमआय तारेने अशा मॉनिटरकडे जात असतो, ज्याला स्पीकरच नाही.

लिनक्सची कथा याहून गमतीची. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये आरंभलेल्या अल्सा प्रणालीत सर्व वाहिन्या सुरुवातीला मुद्दाम बंद ठेवलेल्या असत. नवख्याला वाटे, कार्ड जळाले. उपाय एवढाच : अल्सामिक्सर उघडायचा, वाहिनी निवडायची आणि ‘एम’ ही कळ दाबायची.