पराच्या तुकड्याची कुळकथा

माशाची वंशपरीक्षा करायची तर त्याचा जीव घ्यायचा, हा रिवाज प्रयोगशाळेच्या गरजेतून पडला. 1970च्या सुमारास माशांचे वंशभेद प्रथिनांवरून ओळखत आणि त्यासाठी यकृत, स्नायू, कधी डोळेही लागत. कॅरी मलिस यांना 1983 साली सुचलेल्या पीसीआर या तंत्रामुळे किंचितशा डीएनएच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. हॅचरीतून सोडलेला मासा पुढे ओळखू यावा म्हणून त्याचा पर कातरायची पद्धत त्याआधीचीच. तुकडा मात्र फेकून देत. तोच आता अल्कोहोलच्या कुपीत जाऊ लागला. वय मोजण्यासाठी जपलेल्या साल्मनच्या जुन्या खवल्यांनाही असाच भाव आला. म्हणजे ही पद्धत दयेपेक्षा काटकसरीतून जन्मली. दया मागाहून आली, तीही बरेचदा कायद्याचे बोट धरून. मग बास्किंग शार्कच्या अंगावरची बुळबुळ पुसून घेतली गेली, पाण्याखाली मांटा पाखटावर चक्क टूथब्रश फिरला. हे प्रयोग 2013 आणि 2015 साली प्रसिद्ध झाले.

पालघर जिल्ह्यातल्या मुरबे या मच्छीमारांच्या गावात यावर पहिला आक्षेप ठरलेला: बाजारात जाणाऱ्या माशाला कसले जपता? आक्षेप रास्त आहे. 2021च्या ऑगस्टअखेर इथल्या बोटीला सापडलेल्या 157 घोळींचे सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये आले. घोळीला हा भाव बोतामुळे, म्हणजे तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे; नखाएवढा पर कापून तो उतरत नाही. प्रश्न आहे सोडून द्यायच्या जिवांचा. व्हेल शार्कला 2001पासून कायद्याचे संरक्षण आहे. जाळे कापून असा जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात 2018पासून 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो काढावा लागतोच. तेवढ्यात नमुनाही घेता येईल. पण जाळ्यात बोंबील, मांदेली, कोळंबी अंगाला घासलेली असताना पुसून घेतलेली बुळबुळ नेमकी कोणाची? जात ओळखण्यापुरती ती बहुधा चालेल, त्यापुढे भरवसा कमी. मग हातच न लावता समुद्राचे पाणी गाळावे, असेही कोणी म्हणेल. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2012 साली तशा पाण्यातून माशांच्या जाती ओळखून दाखवल्या. मात्र सातपाटी-मुरब्याच्या खाडीतोंडाशी भरती-ओहोटी तोच डीएनए आत-बाहेर नेत राहते. शिवाय सोडलेला शार्क पुढच्या हंगामात पुन्हा अडकला का, हे बाटलीभर पाणी सांगत नाही. त्यासाठी पराचा तुकडाच अधिक खात्रीचा, थोडी जखम झाली तरी.