विजयदुर्गाची सावली आणि आयोडीनची रेघ

विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवताना हमखास सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला. ग्रहण खरं, गड खरा, लॉकियरही खरे. सांधा तेवढा चुकला आहे.

त्या ऑगस्टात लॉकियर इंग्लंडमध्ये होते. हेलियमची खूण असलेला सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट वाचला तो गुंटूरहून फ्रान्सच्या ज्यूल जान्सेन यांनी आणि इतर काहींनी. लॉकियरना तो ग्रहणाविना दिसला २० ऑक्टोबरला, मायदेशी. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. 'मेल्पोमेनी' युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडून तीन वर्षं झाली होती. कुणी म्हणेल, ६८ची सावलीही गडावरून गेली होती. गेली होती, पण ऐन श्रावणात कोकणच्या किनाऱ्यावर दुर्बिणी कोण मांडेल? घाटापलीकडच्या जमखंडीलाही ढग आडवे आले होते. ओटे पौषातल्या निरभ्र आकाशासाठीचेच. तीस वर्षांच्या अंतराने पडलेल्या दोन सावल्या लोकांच्या आठवणीत एक झाल्या, असं माझं ठाम मत आहे.

पण ६८चा खरा वारसा मला हेलियमपेक्षा जान्सेन यांच्या आधीच्या उद्योगात दिसतो. १८६४ साली त्यांनी जिनिव्हा सरोवराकाठी न्यों गावात लाकडांचा मोठा जाळ करवला आणि २१ किलोमीटरवरच्या जिनिव्हातून त्याचा वर्णपट पाहिला. जवळून अखंड दिसणाऱ्या त्या प्रकाशात आता काळ्या रेघा होत्या. मधल्या हवेतल्या वाफेने त्या उमटवल्या होत्या. हवेला हात न लावता तिच्यात काय आहे, ते जमिनीवरून कळलं.

त्याच युक्तीसाठी आता मेस हेड पाहा. आयर्लंडच्या या किनाऱ्यावर १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी समुद्रावरून दिव्याचा झोत सोडला आणि त्याच्या निळ्या पट्ट्यात आयोडीन ऑक्साइडच्या खुणा वाचल्या. ओहोटीला उघड्या पडलेल्या समुद्रशैवालातून आयोडीन सुटतं, ऊन आणि ओझोन त्याचं ऑक्साइड करतात, आणि त्यातून बनलेले रेणू एकमेकांना चिकटून हवेत नवे कण जन्मतात. जन्मतः ते जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचे; दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची. नवजात कण प्रकाशाने थेट दिसायचा नाही, म्हणून त्याच्या जन्मदात्या वायूची रेघ पकडायची. या पद्धतीची कुळी बरेच जण डॉबसन यांच्या १९२०च्या दशकातल्या ओझोनमापकापासून मोजतात. पण डॉबसन वर सूर्याकडे पाहत होते; पाण्याकाठी दिवा लावून आडवी हवा वाचण्याची युक्ती त्याआधीच न्योंच्या जाळात दिसते.

पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर, जहाजावरून, विखुरलेल्या सूर्यप्रकाशात हीच रेघ शोधली आहे. मालवणचे खडकही सुकतीला शैवालासकट उघडे पडतात. तिथे हे यंत्र बसायला हवं, आणि विजयदुर्गावर साजऱ्या होणाऱ्या हेलियम दिनाला लॉकियरच्या जोडीने जान्सेनचं नाव निघायला हवं.