मराठी नियतकालिकांतील 'पुरुष' वाचक : 'किर्लोस्कर खबर' ते 'पुरुषस्पंदनं'

प्रस्तावना

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात स्त्रियांसाठीच्या मासिकांचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. १८८६ मध्ये सुरू झालेल्या 'आर्यभगिनी'पासून किर्लोस्कर समूहाच्या 'स्त्री'पर्यंतची परंपरा साहित्याच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र 'पुरुषांचे मासिक' असा विभाग या इतिहासात आढळत नाही. याचा अर्थ पुरुषांसाठी मासिके नव्हती असा होत नाही. पुरुष हाच वाचक गृहीत धरल्यामुळे तसे नाव देण्याची गरज भासली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. प्रस्तुत लेखात 'किर्लोस्कर' मासिक केंद्रस्थानी ठेवून हे गृहीतक कसे घडले आणि पुढे त्याला कसा छेद गेला, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कारखान्याचे पत्रक ते घराघरांतील मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला व त्याभोवती किर्लोस्करवाडी ही वसाहत वसवली. लोखंडी नांगर हे या कारखान्याचे प्रसिद्ध उत्पादन होय. शेतकऱ्याच्या मनातील लोखंडी नांगराविषयीचा संशय दूर केल्याशिवाय माल खपणार नव्हता. म्हणजेच केवळ यंत्र तयार करून भागणार नव्हते. यंत्र स्वीकारणारा माणूसही घडवावा लागणार होता. या गरजेच्या पार्श्वभूमीवर १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे नियतकालिक सुरू झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकार. 'शंवाकि' या नावाने ते महाराष्ट्राला परिचित झाले.

कारखान्याच्या वार्तांपुरते हे नियतकालिक मर्यादित राहिले नाही. उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, विज्ञान, समाजसुधारणा अशा विषयांना त्यात स्थान मिळत गेले. १९२९ मध्ये नावातील 'खबर' हा शब्द गळून ते 'किर्लोस्कर' झाले. एका आडबाजूच्या औद्योगिक वसाहतीतून निघणारे पत्रक अशा रीतीने मध्यमवर्गीय मराठी घरांतील मासिक बनले.

'उद्योगी तरुण' : एक जीवनशैली

आज 'जीवनशैली' हा शब्द पोशाख, वाहन, प्रवास, व्यायामशाळा यांच्याशी जोडला जातो. 'किर्लोस्कर'मध्ये हा शब्द नव्हता. तथापि कसे जगावे याविषयीचा निश्चित आग्रह होता. नोकरीच्या मागे न धावता धंदा करावा, शरीर कमवावे, वेळ वाया घालवू नये, रूढी व अंधश्रद्धा टाकून द्याव्यात, असा हा आदर्श होता. ज्या औंध संस्थानात हे मासिक निघत होते, तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते, ही बाबही या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. कमावलेले शरीर आणि उद्योगी मन ही त्या काळाची जोडमागणी होती.

शंकररावांची 'टाकाच्या फेकी' ही व्यंगचित्रे समाजातील आळस, ढोंग व रूढिप्रियता यांवर बोट ठेवीत. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असलेल्या वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३० च्या दशकात याच मासिकातून वाचकांसमोर आले. या लेखनातून जो 'नवा माणूस' अपेक्षित होता, तो व्याकरणदृष्ट्या 'माणूस' असला तरी व्यवहारात बहुधा पुरुष होता. भांडवल उभे करणारा, गाव सोडून शहरात जाणारा, वडिलांचे मत झुगारून यंत्राला हात घालणारा असा तो तरुण होता.

'स्त्री' आणि 'मनोहर' : वाचकांची विभागणी

१९३० मध्ये याच समूहाने 'स्त्री' मासिक सुरू केले. स्त्रियांचे शिक्षण, विवाह, अर्थार्जन यांविषयीची चर्चा घराघरांत नेण्याचे मोठे कार्य या मासिकाने केले. १९३४ मध्ये तरुण वाचकांसाठी 'मनोहर' निघाले. व्यवसायाच्या दृष्टीने ही विभागणी दूरदृष्टीची होती. एकाच घरातील निरनिराळ्या वाचकांपर्यंत एकच प्रकाशनसंस्था पोहोचू लागली.

परंतु या तीन नावांकडे एकत्र पाहिले असता एक महत्त्वाची बाब ध्यानात येते. स्त्रीला स्वतंत्र मासिक मिळाले, तरुणाईला मिळाले. 'पुरुष' नावाचे मासिक मात्र काढले गेले नाही. 'किर्लोस्कर' हे 'सर्वांचे' मासिक राहिले. स्त्रीने कसे बदलावे हा विषय 'स्त्री'मध्ये गेला, देशाने व उद्योगाने कसे बदलावे हा 'किर्लोस्कर'मध्ये. घरातील पुरुषाने पती व पिता म्हणून कसे बदलावे, या प्रश्नाला मात्र या रचनेत हक्काची जागा नव्हती.

याच काळात र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) मासिकाने कामजीवन व संततिनियमन हे विषय उघडपणे मांडून पुरुषालाही जाब विचारला. त्याची किंमत त्यांना खटल्यांच्या रूपाने मोजावी लागली. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. तरीही कर्व्यांना दंड झाला. पुरुषाच्या खासगी वर्तनाची चर्चा समाजाला कितपत पेलवत होती, याचे हे बोलके उदाहरण होय.

गृहीत धरलेला वाचक

स्वातंत्र्योत्तर काळात हे गृहीतक वेगळ्या रूपात टिकून राहिले. १९५१ मध्ये मधुकर पाटकर यांनी सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकातील खिडकीचित्रे अतिशय लोकप्रिय झाली. खिडकी उघडल्यावर चावट अपेक्षेचा होणारा फज्जा हे त्यांचे मर्म होते. ती अपेक्षा बाळगणारी नजर पुरुषाची आहे, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही. १९७० च्या दशकात मुंबईहून निघालेल्या 'डेबोनेर'ने हीच नजर इंग्रजीतून उघडपणे आपली वाचकसंख्या मानली. विनोद मेहता यांच्या संपादनकाळात त्यास साहित्य व मुलाखती यांची जोड मिळाली. २००८ मध्ये 'जीक्यू'ची भारतीय आवृत्ती सुरू झाली, तेव्हा महानगरी पुरुष हा पोशाख व प्रसाधने यांचा ग्राहक म्हणून इंग्रजी बाजारपेठेत स्थिरावू लागला होता.

'पुरुष' शीर्षकात येतो

मराठीत 'पुरुष' हा शब्द नियतकालिकाच्या शीर्षकात आला तो बाजारपेठेमार्फत नव्हे, तर स्त्री चळवळीने विचारलेल्या प्रश्नांमुळे. १९८६ पर्यंत 'स्त्री'शी संपादक म्हणून संबंधित असलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले व पुरुषांशी संवादाची आवश्यकता सातत्याने मांडली. पुण्यातील अभ्यासगटाचा 'पुरुष उवाच' हा दिवाळी अंक याच वैचारिक वातावरणातला.

मुंबईत १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी पत्नीला मारहाण करणे अमान्य असलेल्या पुरुषांना वृत्तपत्रातील जाहिरातीद्वारे आवाहन केले. त्यास २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. या प्रक्रियेतून १९९३ मध्ये 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अॅब्यूज' अर्थात 'मावा' ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी हे तिचे संस्थापक-कार्यकर्ते. १९९६ पासून या संघटनेने 'पुरुषस्पंदनं' हा वार्षिक अंक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पितृत्व, नातेसंबंध, हिंसा, लैंगिकता, पुरुषाचे एकटेपण हे विषय येथे पुरुषांनी स्वतःविषयी बोलण्याचे विषय झाले. 'किर्लोस्कर'ने पुरुषाला कारखान्याच्या दारापर्यंत नेले होते. हा अंक त्याला घराच्या उंबरठ्याच्या आत आणतो.

या दोन टप्प्यांतील फरकही नोंदविला पाहिजे. 'किर्लोस्कर'मागे उद्योगसमूहाचे भांडवल, छापखाना व वितरणव्यवस्था होती आणि ते दरमहा वाचकाच्या हाती पडत असे. 'पुरुषस्पंदनं' हे स्वयंसेवी बळावरील वार्षिक प्रकाशन आहे. पुरुषाला कर्तबगार होण्यास सांगणाऱ्या मजकुराला जो आधार मिळाला, तो त्याला आत्मपरीक्षण करण्यास सांगणाऱ्या मजकुराला मिळालेला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मराठीत पुरुषांच्या जीवनशैलीचे नियतकालिक दीर्घकाळ 'सर्वसाधारण मासिक' या नावाखाली वावरले. त्याने उद्योगशीलता व विवेकनिष्ठा यांचा संस्कार केला, हे त्याचे योगदान निर्विवाद आहे. परंतु त्याच वेळी पुरुषाला तपासणीच्या कक्षेबाहेरही ठेवले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' या ग्रंथाच्या नावातच पुरुषाला तुलनेच्या पारड्यात बसविले होते. नियतकालिकांना तेथवर पोहोचण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुन्या अंकांच्या बांधीव खंडांकडे या दृष्टीने पुन्हा पाहणे आवश्यक आहे. 'स्त्री'चे खंड स्त्री-अभ्यासासाठी उघडले जातात. त्यांच्या शेजारचे 'किर्लोस्कर'चे खंड हे पुरुषत्वाच्या इतिहासाचे साधन आहेत, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. ती रुजली तरच लिंगभाव हा विषय केवळ स्त्रियांचा नाही, हे विद्यार्थ्यांना पुराव्यासह दाखविता येईल.