पडद्यावरचें मैदान

खेळाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे बहुधा खेळाडूंचा इतिहास लिहिला जातो. कोणीं किती धावा काढल्या, कोणत्या संघानें कोणती ढाल जिंकली, याच्या नोंदी वर्षानुवर्षें जपल्या जातात. परंतु ज्या जमिनीवर तो खेळ झाला ती जमीन कोणाची होती, ती सर्वांस मोकळी कोणीं ठेविली, आणि एके दिवशीं तिच्याभोंवतीं कुंपण पडलें तेव्हां त्या खेळाचें काय झालें, हा विचार क्वचितच कोणी करितो. आम्हांस तो करावासा वाटला याला एक लहानशी घरगुती गोष्ट कारण झाली. सुटींत अकोल्यास आलेला आमचा भाचा संगणकाच्या पडद्यावर फुटबॉलचा कसलासा खेळ खेळत बसला होता. कॉलेजांत असतांना आम्हीही असाच एक खेळ खेळत असूं, तो त्याला दाखवावा म्हणून आम्हीं शोध केला. पान सांपडलें, खेळाचें नांव सांपडलें. पण जेथें हिरवें मैदान असावयाचें तेथें एक करडा चौकोन होता. "मामा, हें तर नुसतें रिकामें आहे," असें म्हणून भाचा आपल्या खेळाकडे वळला. आम्ही मात्र बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिलों. असें मैदानच्या मैदान नाहींसें होतें तरी कसें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

वऱ्हाडांतील मनुष्यास मैदान म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. १९१४ सालीं अमरावतीस अंबादासपंत व अनंत कृष्ण या वैद्य बंधूंनीं व्यायामाची जी संस्था काढली तीच पुढें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें देशभर गाजली. त्याच सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्यानें खो-खोचे नियम ठरविले. तोंपर्यंत आपले देशी खेळ गांवोगांवीं निरनिराळे होते. एकट्या हुतुतूचेच प्रकार पाहावेत: संजीवनींत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी पडतांच पुन्हां जिवंत होई, गामिनींत एकदां बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे, आणि अमर प्रकारांत गडी बाद होऊनही मैदान सोडीत नसे. एका गांवचा गडी दुसऱ्या गांवीं गेला तर अर्धा वेळ भांडणांतच जावयाचा. नियम लिहिले गेले आणि हे खेळ प्रवासास योग्य झाले. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले तेव्हां अमरावतीच्या या मंडळाच्या संघानें तेथें जाऊन कबड्डी व इतर देशी व्यायामप्रकार परकीय प्रेक्षकांस करून दाखविले. पुढें १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीस मानाचें स्थान मिळालें.

या प्रवासांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. कबड्डी जगभर जाऊं शकली ती केवळ नियम लिहिले म्हणून नव्हे. ते नियम कोणाच्या दुकानचा माल नव्हते, म्हणून ती जाऊं शकली. चार मुलें, मूठभर फक्की आणि कोणतीही सपाट जमीन एवढ्यावर तो खेळ उभा राहतो. लिहिलेले नियम आणि मोकळी जमीन या दोन गोष्टींवरच कोणताही खेळ जगतो. संगणकावरील खेळांचा इतिहास हीच गोष्ट उलट्या बाजूनें शिकवितो.

संगणकास खेळ शिकविणें म्हणजेही नियम लिहून काढणेंच होय; फरक इतकाच कीं, येथें नियमच जमीन होतात. खऱ्या मैदानावर चेंडू खालीं पडावा असें कोणास लिहावें लागत नाहीं. पडद्यावर तें लिहावें लागतें. चेंडू किती वेगानें पडावा, टप्पा घेतल्यावर किती उसळावा, जाळीस लागला तर काय व्हावें, हें सारें गणितानें सांगावें लागतें. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, या नव्या यंत्रांस माणसानें प्रारंभींच मैदानी खेळ शिकविले. अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें १९५८ सालीं, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या मंडळींच्या करमणुकीसाठीं, एका लहानशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९७२ सालीं आलेला 'पाँग' हा प्रसिद्ध खेळही मेजावरच्या टेनिसचाच होता. टेनिस कसें खेळतात हें लोकांस आधींच ठाऊक होतें, म्हणून यंत्र नवें असूनही खेळ परका वाटला नाहीं.

परंतु हे खेळ त्या त्या यंत्रापुरते बांधलेले होते. एका गांवचें यंत्र दुसऱ्या गांवीं खेळतां येत नसे. ही अडचण दूर केली ती वेब या जगव्यापी जाळ्यानें. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं त्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें तें तंत्र कोणताही मोबदला न घेतां सर्व जगास खुलें केलें. आमच्या मतें या इतिहासांतील अत्यंत महत्त्वाची तारीख हीच. त्या दिवशीं मैदान मोकळें झालें. ज्याच्यापाशीं ब्राउझर, म्हणजे या जाळ्यावरील पानें उघडून दाखविणारें साधन, आहे त्यानें खुशाल यावें.

मात्र प्रारंभीं तें मैदान खेळावयाचें नव्हतेंच. तें वाचनालय होतें. पान मागावें, तें यावें, तें वाचावें, आणि दुसरें मागावें. प्रत्येक हालचालीस दूरच्या यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे, निरोप धाडून उत्तराची वाट पाहावी लागे. अशा संथ व्यवहारांत चेंडू फेकणें शक्य नव्हतें. म्हणून त्या काळीं जे खेळ निघाले ते मैदानावरचे नव्हते, मैदानाबाहेरचे होते. १९९७ सालीं स्वीडनमध्यें सुरू झालेला 'हॅट्रिक' हा याचा चांगला नमुना आहे. त्यांत खेळणारा चेंडूस पाय लावीत नाहीं. तो संघाचा व्यवस्थापक होतो, गडी निवडतो, डावपेंच लिहून ठेवितो. सामना ठरल्या वेळीं सर्व्हर आपल्या हिशेबानें लावतो. पत्रानें बुद्धिबळ खेळणाऱ्या जुन्या मंडळींस हा प्रकार लगेच समजला असता.

मैदानांत चेंडू पळूं लागला तो फ्लॅशमुळें. १९९६ सालीं 'फ्यूचरस्प्लॅश' नांवानें निघालेलें हें साधन मॅक्रोमीडिया या कंपनीनें विकत घेऊन त्यास फ्लॅश हें नांव दिलें. त्याची हिकमत मोठी सोपी होती. चित्राचा प्रत्येक ठिपका न पाठवितां, रेघ कोठून कोठें जाते व कशी वळते एवढेंच तें गणितानें सांगे. चित्र काढण्याचें काम खेळणाराच्या घरचा संगणक करी. त्यामुळें अख्खा खेळ थोडक्यांत मावे व टेलिफोनच्या मंद तारेवरूनही येऊं शके. आपल्या देशांत सामान्य जनतेस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि तेंही आधीं मोठ्या शहरांत. अकोला-अमरावतीच्या सायबर कॅफ्यांत तें रुळलें तेव्हां तासाच्या भाड्यानें बसलेल्या कॉलेजच्या मुलांच्या वाट्यास आला तो हाच फ्लॅशचा काळ. काड्यांची माणसें काढलेला 'स्टिक क्रिकेट' हा ऑस्ट्रेलियन खेळ त्या वेळीं क्रिकेटवेड्या देशांत घरोघरीं पोंचला. डाव्या-उजव्या बाणांच्या दोन कळा एवढीच त्याची बॅट. पण वेळ साधण्याचें कसब मात्र खरें लागे. लाकडी फळीच्या आडोशाला चौघेजण एका खुर्चीभोंवतीं उभे असत; एक खेळे, तिघे ओरडत, आणि घड्याळाकडे लक्ष मालकाचें. आमच्या पिढीस तें एक मैदानच होतें.

पण तें मोकळें नव्हतें, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें? वेब सर्वांचें होतें. फ्लॅश एका कंपनीचें होतें. २००५ सालीं अडोबी कंपनीनें मॅक्रोमीडिया विकत घेतली व मैदान दुसऱ्या धन्याकडे गेलें. २००७ सालीं ॲपलचा जो खिशांतील फोन निघाला त्यांत फ्लॅशला जागाच नव्हती. एप्रिल २०१० मध्यें स्टीव्ह जॉब्ज यांनीं उघड पत्र लिहून त्याचीं कारणें दिलीं: तें एकाच कंपनीच्या मुठींत आहे, सुरक्षित नाहीं, आणि फोनची विद्युतघटी लवकर संपवितें. तीं कारणें सांगणाराही दुसऱ्या मोठ्या कुंपणाचा धनी होता हें विसरून चालणार नाहीं. तथापि त्या आक्षेपांत तथ्य होतें. २०१७ सालीं अडोबीनें शेवट जाहीर केला, ३१ डिसेंबर २०२० रोजीं देखभाल बंद झाली, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या साधनानें आपणहून खेळ दाखविणें बंद केलें. हजारों खेळांच्या जागीं रिकामे चौकोन राहिले. आमच्या भाच्यानें पाहिला तो त्यांतलाच एक. कांहीं खेळ वांचले ते जुन्या वस्तु जपणाऱ्या हौशी लोकांमुळें. 'रफल' नांवाचें, फ्लॅशची नक्कल करणारें मुक्त साधन त्यांनीं घडविलें, आणि इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथसंग्रहानें नोव्हेंबर २०२० पासून जुने खेळ त्याच्या आधारें पुन्हां मांडण्यास आरंभ केला.

फ्लॅशची जागा घेतली ती कोणा एकाच्या मालानें नव्हे. ब्राउझरचीच मूळ भाषा सुधारली गेली. ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत उभी केलेली जावास्क्रिप्ट ही भाषा त्यांत सूत्रधार झाली. 'कॅनव्हास' हा चित्रफलक २००४ पासून रूढ होत गेला. २०११ सालीं लांबी-रुंदी-खोलीचीं दृश्यें दाखविणारें वेबजीएल आलें. आणि २०१४ सालीं एचटीएमएलची पांचवी आवृत्ति सर्वमान्य ठरली. आतां चेंडू धांवतो तो असा: बहुतेक यंत्रांवर सेकंदास साठ वेळां फलक पुसला जातो, चेंडूची नवी जागा मोजली जाते, आणि पुन्हां चित्र काढलें जातें. डोळ्यांस दिसते ती अखंड गति. वस्तुतः तीं साठ निरनिराळीं चित्रें असतात.

दोन गांवचे दोन गडी एकमेकांशीं खेळूं लागले म्हणजे खरी कसोटी लागते. ताशीं १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापाशीं पोंचावयास सुमारें अर्धा सेकंद लागतो. अमरावतीहून निघालेला निरोप अकोल्यास पोंचण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा उशीर झाला, तर चेंडूचा पांचवा हिस्सा प्रवास फुकट गेला म्हणावयाचा. यावर उपाय म्हणून वेबसॉकेट या पद्धतीनें दोन्ही यंत्रांमधील वाट सतत उघडी ठेवितात, आणि खेळणाराचें यंत्र चेंडू कोठें असेल याचा आधींच अंदाज बांधून चालतें. निकाल मात्र सर्व्हर देतो. खेळाडूचें यंत्र "मीं चौकार मारला" असें म्हणालें तरी तो तें खरें मानीत नाहीं. सारा हिशेब स्वतः करून पाहतो. पंचाची जरूर येथेंही टळलेली नाहीं.

एक गोष्ट मात्र अजून कोणत्याही भाषेंत लिहितां आलेली नाहीं, ती म्हणजे दम. हुतुतूचा सारा प्राण दमांत. मैदानी कबड्डींतही आतां चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आली आहे, म्हणजे दमाच्या सोबतीस घड्याळ बसलें आहे. पडद्यावर तर केवळ घड्याळच उरतें. छाती फुटावी आणि मध्यरेषेस बोट लागावें यांतील आनंद कळ दाबून येत नाहीं. म्हणून पडद्यावरचा खेळ मैदानाची जागा घेईल असें आम्हांस वाटत नाहीं, आणि घेऊंही नये.

तथापि त्याकडे पाठ फिरविणेंही शहाणपणाचें नाहीं. मोकळें मैदान पडीक राहिलें म्हणजे तेथें कोण येतें हें आपण पाहिलेंच आहे. खेळाच्या नांवाखालीं पैसे लावण्याचे व्यवहार इतके माजले कीं, ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेस पैशांच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा करावा लागला. त्याच कायद्यानें स्पर्धात्मक ई-खेळांस निराळें मानलें, हें योग्यच झालें. मुलांस "खेळूं नको" म्हणणें सोपें आहे. काय खेळावें तें निर्माण करून देणें कठीण आहे.

आणि तें कोणी तरी करावयास हवें. आमच्या भाच्यास फुटबॉल पडद्यावर मिळतो, क्रिकेट मिळतें. संजीवनी हुतुतू, विटीदांडू, लगोऱ्या हे मात्र मराठींत, पैसे न लावतां, कोणत्याही फोनच्या ब्राउझरांत उघडतील असे त्याला सहज सांपडत नाहींत. साधनें आतां कोणाच्या मालकीचीं नाहींत. माणसेंही दूर शोधावयास नकोत. अमरावतीच्या ज्या मंडळानें आखाडा चालविला त्याच मंडळाच्या छत्राखालीं आज शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय आहे आणि अभियांत्रिकीचेंही आहे. दम कसा टिकवावा हें जाणणारे आणि यंत्रास नियम कसे सांगावेत हें जाणणारे, असे दोघेही एकाच गांवांत राहतात. १९१४ सालीं ज्यांनीं देशी खेळांचे नियम लिहावयास घेतले, त्यांस आपले खेळ बर्लिनपर्यंत जातील हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं एवढेंच पाहिलें कीं, खेळ लिहून ठेविला पाहिजे आणि जमीन मोकळी राहिली पाहिजे. पुढच्या सुटींत भाचा येईल तेव्हां त्याला दाखविण्यास आमच्यापाशीं रिकाम्या चौकोनाखेरीज कांहीं असावें, एवढीच आमची इच्छा आहे.