मुठीतली शिल्लक



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "घरखर्चातील काटकसर" या विषयावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा प्रथम मला हसूच आले. पूर्णगडच्या बायकांना काटकसर लिहून शिकवावयाची म्हणजे खाडीला भरती-ओहोटी शिकविण्यासारखे आहे. शिवाय माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याचा सराव नाही. तेव्हा उपदेश बाजूला ठेवला आणि आपल्या मागच्या दोन-तीन पिढ्यांतील बायका शिल्लक कशी टाकीत, ती कोठे ठेवीत आणि शेवटी ती कोणाची ठरे, एवढेच लिहावयाचे ठरविले. काही आईच्या तोंडून ऐकलेले आहे, काही विचारून घेतलेले. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

माझे माहेर मुचकुंदीच्या खाडीपलीकडे, गावखडीला. आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या कोपऱ्यात एक मडके असे. आजी तांदूळ मापून घेई आणि धुवावयाच्या आधी त्यातली एक मूठ त्या मडक्यात टाकी. दोन वेळ भात, दोन वेळ मूठ. आजीमागून आईने तेच चालविले. मूठ साधारण पन्नास ग्रॅमची धरली तर दिवसाला शंभर ग्रॅम आणि वर्षाला छत्तीस किलोच्या वर तांदूळ होतात. ऐकायला पुष्कळ वाटते. पण आम्ही घरात सात माणसे, रोज तीन किलो तांदूळ लागे. म्हणजे वर्षभराच्या मुठी मोडल्या तर जेमतेम बारा दिवस. हा हिशेब मी मुद्दाम मांडला आहे, कारण मुठीचे कौतुक करणारे लोक हिशेब कधी करीत नाहीत. मुठीने घर तरत नसे. मात्र पाहुणा अवेळी आला, किंवा वाण्याकडे उधारी वाढून तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली, की ते बारा दिवस फार मोठे असत.

बायकांची खरी मोठी शिल्लक म्हणजे आगोट. मिरगाआधी पावसाळ्याची बेगमी करून ठेवणे, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. समुद्र बंद झाला की गलबते बंद, मासळी बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत घरात असेल त्यावर दिवस काढावयाचे. वैशाखात सुकट, सोडे, सुका बांगडा डब्यांत भरावयाचा. रातांब्यांची साले वाळवून, त्यांना मीठ घातलेल्या रसाची पुन्हा पुन्हा पुटे द्यावयाची, तेव्हा आमसुले काळीभोर होत. बीसुद्धा टाकावयाची नाही. ती कुटून, उकळून वर येणारे तेल गोळा करावयाचे आणि हाताने मुठी वळून ठेवावयाच्या. म्हणून त्याचे नावच मुठेल. पायांच्या भेगांवर त्याच्यासारखे दुसरे औषध नाही, हे मी आजही बाजारातली मलमे आणणाऱ्या माझ्या लेकीला सांगते आणि ती आजही ऐकत नाही. असो. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवीत, झावळ्यांचे झाप विणीत, हिरांच्या केरसुण्या करीत, करवंट्या चुलीला लावीत. वस्तूतले काहीच वाया जात नसे. हे सगळे कष्ट बायकांचे. पण याला कोणी "मिळकत" म्हणत नसे, कारण यात पैसा हाती येत नव्हता.

ही मूठ पुढे स्वयंपाकघराबाहेरही पडली, तेव्हा मात्र तिचे मोल लोकांना कळले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात गरीब मुलांचे वसतिगृह चालू केले. त्या कामाला गावोगावच्या बायकांनी मुष्टिफंडातून धान्य पुरविले. दळणा-कांडणाच्या वेळी काढलेल्या मुठीवर मुले जेवली आणि शिकली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. बाईची शिल्लक म्हणजे बहुधा अंगावरचे सोने आणि मडक्यातले धान्य. त्या एका वसतिगृहासाठी ही दोन्ही कामी आली. पुरुषांच्या बाजूनेही असाच एक प्रयत्न झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. दर माणशी वर्षाला एक पैसा एवढीच मागणी, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरेच. पण तळे साचल्यावर त्याच्या काठावर नाव कोणाचे, हाही एक प्रश्न असतो.

आपल्या कोकणात रोख पैसा येई तो मुंबईहून, मनीऑर्डरने. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर चालू केली आणि तेव्हापासून रत्नागिरीकडच्या किती घरांच्या चुली त्या कागदावर पेटल्या, त्याला गणती नाही. किनाऱ्यावरच्या अनेक मुसलमान घरांत पुढे हेच काम आखातातून येणाऱ्या ड्राफ्टांनी केले. माझे वडील मुंबईत गिरणीत साचे खात्यात होते. चाळीत दहा-बारा जणांत एक खोली आणि जेवण खानावळीत. अशा खानावळी चालविणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या असत. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. आमच्या वडिलांना वाढणारी बाई त्यात होती की नाही कोण जाणे, पण वडील तिचे नाव नेहमी आदराने घेत.

तर मनीऑर्डर येई ती आजोबांच्या नावे. पोस्टमन ओटीवर बसे, आजोबा सही करीत, नोटा मोजून घेत. कागदाच्या खालच्या तुकड्यावर वडिलांनी दोन ओळी लिहिलेल्या असत. तेवढा तुकडा आत आईकडे येई. पैसे बाहेर, खुशाली आत. आजोबा वाईट माणूस मुळीच नव्हते. मागितले तर देत. पण मागावे लागे, आणि कशाला हवेत ते सांगावे लागे. म्हणून आई मागत नसे. कोंबडीची अंडी विकून, रातांबे विकून, कधी शेजारणीच्या गोधडीला टाके घालून जे चार-आठ आणे मिळत ते ती वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकी आणि डबा तांदळाच्या मडक्यामागे ठेवी. त्या पैशांत मला पुढे शिकवावयाचे, असे तिने मनाशी धरले होते. मी तेव्हा तीन वर्षांची होते. एवढ्या लांबचा विचार तिने कसा केला, याचे मला आता नवल वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप चालू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असे सगळ्यांना वाटे. तो संप रीतसर मिटलाच नाही. मनीऑर्डर थांबली, आणि शिमग्याला चाकरमानी आले ते परत गेलेच नाहीत. वडीलही पत्र्याची पेटी घेऊन घरी आले. आई सांगते की त्या वर्षी आगोटीने आम्हांला श्रावणापर्यंत नेले. मडके तर आषाढातच रिकामे झाले होते. मग वाण्याने उधार थांबविली. त्या रात्री आईने डबा आणून वडिलांपुढे ठेवला. आत एकशे बासष्ट रुपये निघाले. आजोबांनी ते दुसऱ्या दिवशी वाण्याला दिले. वाण्याच्या वहीत आजोबांच्या नावापुढे एकशे बासष्ट रुपये जमा, अशी ओळ पडली.

आईने ते पैसे कधी परत मागितले नाहीत. मागावयाचे कोणाकडे? आणि संसारासाठीच तर साठविले होते, असे तीच म्हणते. मला त्या देण्याचे दुःख नाही. मी घरात असते तर मीही दिलेच असते. मला खुपते ती ती ओळ. १९९२ साली मी सातवी पास झाले, तेव्हा पुढच्या शाळेचा, जाण्या-येण्याचा खर्च निघण्यासारखा नव्हता आणि धाकटे दोन भाऊ मागे होते. आई त्या दिवशी डब्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तो डबा पुढे मीठ ठेवावयाला वापरीत.

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी एकदा सहज विचारले की, त्या काळी आईला पोस्टात पैसे ठेवता आले असते काय? त्यांनी सांगितले ते ऐकून मी थक्क झाले. टपाल कचेऱ्यांतून बचत बँक १८८२ सालीच देशभर चालू झाली होती. आणि सरकारी बचत बँकांचा जो १८७३ चा कायदा होता, त्यात असे एक कलमच होते की, विवाहित बाईच्या नावे ठेवलेली ठेव त्या बाईच्याच हातात देता येईल. नवऱ्याची परवानगी नको, सासऱ्याची सही नको. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तर हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. म्हणजे आईचा डबा रिकामा झाला तेव्हा ते जुने कलम शंभरावर नऊ वर्षांचे झालेले होते! पोस्टमन दर महिन्याला आमच्या ओटीवर येत होता, आणि त्याच्याच कचेरीत आईसाठी एक जागा राखून ठेवलेली आहे, हे आत कोणालाच माहीत नव्हते. आता यात दोष कोणाला देणार? कायदा सातासमुद्रापलीकडून आला, पण ओटी ओलांडून माजघरात आला नाही, एवढेच खरे.

लग्न होऊन मी पूर्णगडला आले तेव्हा मनाशी एक ठरविले होते, की डबा करावयाचा नाही. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ पासून आहे; तीत बायकाच घरोघर फिरून पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करतात. २००४ साली अशा एका बाईंकडे मी महिना पन्नास रुपयांचे खाते उघडले. सासूबाई म्हणाल्या, "पन्नास रुपयांत काय व्हायचंय?" पाच वर्षांनी साडेतीन हजारांवर हातात आले, त्यात त्यांचा चष्मा झाला आणि उरलेले लेकीच्या नावे पुन्हा गुंतविले. मग सासूबाईंनीच शेजारी-पाजारी सांगावयास सुरुवात केली.

बचत गटांविषयी निराळे सांगावयास नको. आपल्यापैकी बहुतेकजणी कोणत्या ना कोणत्या गटात आहेत. नाबार्डने १९९२ साली गट बँकेला जोडण्याचा प्रयोग चालू केला, तेव्हा सुरुवात पाचशे गटांपासून करावयाची होती. भिशीहून गटात मला एकच गोष्ट अधिक वाटते, ती म्हणजे वही. भिशीत चिठ्ठी निघाली, पैसे घेतले, संपले. गटात कोणी किती भरले, कोणी कर्ज घेतले, कोणी फेडले नाही, हे सर्वांसमक्ष वाचले जाते. त्या वाचनावरून भांडणे होतात, हे मला ठाऊक आहे. मीही भांडले आहे. पण मागच्या पिढीला भांडावयाला वहीच नव्हती.

एक चूक माझीही सांगते, म्हणजे दुसरीची होणार नाही. काही वर्षांपूर्वी जादा व्याजाचे सांगून एक गृहस्थ रोज वसुलीला येत. पावती छापील, बोलणे गोड. मी व माझ्या दोन मैत्रिणींनी पैसे भरले, आणि एके दिवशी ते येईनासे झाले. पुढे कळले की बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. १९६२ साली ते पंधराशे रुपयांपर्यंत होते, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत झाले. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, मग अशा फिरत्या गृहस्थांची गोष्टच सोडा. वहीवर आपले नाव आहे एवढ्याने भागत नाही. वही कोणाची आहे, हेही पाहावे लागते.

गेल्या काही वर्षांत बायकांच्या नावे पैसा येण्याच्या वाटा वाढल्या. पोस्टात १ एप्रिल २०२३ पासून ३१ मार्च २०२५ पर्यंत महिला सन्मान बचतपत्र मिळत होते, दोन वर्षांचे, साडेसात टक्क्यांचे. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना पंधराशे बायकांच्या खात्यांत जमा होऊ लागले. त्यावर गावात उलटसुलट पुष्कळ बोलून झाले आहे, मी त्यात भर घालीत नाही. माझे काम एवढेच झाले, की पोस्टात महिला सन्मानाची चौकशी करावयास गेले असताना आईचे खाते उघडून टाकले.

आई आता सत्तरीच्या पुढची आहे. पाचशे रुपये भरले, अंगठा उमटविला. वारसाचे नाव विचारले तेव्हा तिने भावांकडे न पाहता माझे सांगितले, म्हणून घरी थोडा रुसवाही झाला. पासबुक हातात घेऊन तिने ते मला वाचावयास लावले. मी रक्कम वाचली. ती म्हणाली, "ते नको, वरचं वाच." मी तिचे नाव वाचले.

ते पासबुक तिने तांदळाच्या मडक्यात ठेवले आहे. पावसात दमट होऊन पाने चिकटतील म्हणून मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिले आहे. मूठ ती अजून टाकते, त्यामुळे पासबुक काढावयाचे झाले की आधी तांदूळ उपसावे लागतात.