एक रत्तल धान्य

राज्यकर्त्याने तत्त्वाने चालावे की दयेने, हा प्रश्न जुना आहे. आपल्या दख्खनला तो १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात प्राणांचे मोल देऊन सोडवावा लागला.

सर रिचर्ड टेम्पल यांचेच उदाहरण घ्या. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगवली. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपकाच त्यांच्या पदरी पडला. १८७७ साली दक्षिणेतील दुष्काळाची पाहणी करावयास हेच गृहस्थ निघाले, ते काटकसरीचा धडा पाठ करून. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, फुकटच्या अन्नाने माणूस आळशी होतो, हे त्या काळचे मान्य अर्थशास्त्र. त्याला धरून त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज ठरविला: एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे. धान्याची निर्यात मात्र चालूच होती!

मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. एवढ्या अन्नावर कष्टकऱ्याचा देह तगणार नाही, असे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी निक्षून सांगितले. आणि पुण्याची सार्वजनिक सभा? गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने १८७० साली निघालेल्या या सभेने नुसते अश्रू ढाळले नाहीत. दुष्काळी मुलखातील पिकांची, मजुरीची, लोकांच्या हालांची माहिती जमवून तिने ती सरकारपुढे ठेवली. तर्काला तिने तर्कानेच उत्तर दिले. तो तर्क मात्र करुणेच्या पोटी जन्मला होता.

देशभरात ५० लाखांहून अधिक माणसे गेल्यावर सरकारला जाग आली. संकटात प्रजेला जगविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे १८८० च्या दुष्काळ आयोगाने मान्य केले; पुढे दुष्काळसंहिता झाल्या. तरीही मदत ही सरकारची कृपाच राहिली. १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव गाठीशी घेऊन महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा कुठे खेड्यातील माणसाला काम हक्काने मागता येऊ लागले.

टेम्पल निर्दय नव्हते. बिहार त्याला साक्षी आहे. म्हणूनच त्यांची कथा ध्यानात ठेवावी. एका अधिकाऱ्याच्या मनातील दया वरिष्ठांच्या एका ठपक्याने आटते. ती टिकावयाची तर तिला कायद्याचा आधार हवा, आणि तो कायदा नीट रचावयाचा तर बुद्धी हवी. बुद्धीचे खरे काम ते आहे. भुकेल्याला नाही म्हणण्याची कारणे शोधणे नव्हे.