नावाचे कुलूप, भाषेची किल्ली

सेवानिवृत्तीनंतर सकाळच्या चहाबरोबर इंग्रजी वृत्तपत्रातील कूट शब्दकोडे सोडविण्याची सवय आम्हांस जडली. लंडनच्या ‘टाइम्स’ने 1930 साली शब्दकोडे छापण्यास आरंभ केला, आणि पुढे अशा कोड्यांत द्व्यर्थी सूत्रे देण्याची रीत रुळली. इंग्लंडातील गावांची नावे तर कोडेकारांची आवडती. ‘स्नानाचे शहर’ म्हटले की बाथ. ‘भुंकणारे उपनगर’ म्हटले की लंडनच्या पूर्वेचे बार्किंग. ‘वाचन’ म्हटले की रेडिंग, कारण दोन्ही शब्दांची अक्षरे तीच, उच्चार मात्र निराळा. यांपैकी बाथचे नाव खरोखरच तेथील उष्ण पाण्याच्या स्नानगृहांवरून पडले. रेडिंगचा मात्र वाचनाशी काडीचाही संबंध नाही. ते रीडा नावाच्या पुरुषाच्या लोकांचे गाव. म्हणजे कोड्याचे उत्तर बरोबर आले, तरी नावाचा इतिहास कळला असे होत नाही.

हा खेळ साहेबाने आणला असे मात्र कोणी समजू नये. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘संख्याता’ या प्रकाराचे उदाहरण एका नगरीचे आहे. जिच्या मध्यभागी नासिक्य आहे, जी चारी बाजूंनी चार वर्णांनी शोभते आणि जेथील राजांचे नाव आठ वर्णांचे आहे, अशी नगरी कोणती? मराठी वाचकास प्रथम आठवते ते गोदाकाठचे नाशिक, कारण त्याचे प्राचीन नाव नासिक्यच! चार वर्ण म्हणजे ब्राह्मणादी चातुर्वर्ण्य, असेही वाटून जाते. परंतु येथे नासिक्य म्हणजे अनुनासिक आणि वर्ण म्हणजे उच्चारातील ध्वनी. मध्ये ञ्, अलीकडे क् आणि आ, पलीकडे च् आणि ई. नगरी कांची. विसर्गासह आठ वर्ण मोजले की तिचे राजे ‘पल्लवाः’ ठरतात. आपण आपल्या परिचयाचे गाव शोधीत गेलो आणि उत्तर तमिळ देशात निघाले.

हीच चूक आपण राहत्या मुलखात करतो, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आमच्या बालपणी घरातील वडीलधारी मंडळी धारवाडची उकल ‘तलवारीची धार आणि वाडा’ अशी करीत. दुसरी दंतकथा अशी, की विजयनगरच्या रामराजाचा अधिकारी धारराव याने 1403 साली किल्ला बांधला, म्हणून धारवाड. परंतु रामराजा पडला तो 1565 च्या तालिकोटच्या लढाईत. दोहोंचा मेळ बसत नाही. शिवाय धारवाडचे नाव बाराव्या शतकातील शिलालेखांतच येते. मलनाड आणि मैदान यांमधील ‘द्वारवाट’ ही प्रचलित उकल त्या मानाने अधिक संभवनीय वाटते.

हुबळीची किल्ली कन्नडमध्ये आहे. जुन्या कन्नडमधील आरंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला: पालचे हाल, म्हणजे दूध, पळ्ळिचे हळ्ळि, म्हणजे खेडे, पूचे हू, म्हणजे फूल. ‘हू’ आणि ‘बळ्ळि’ मिळून फुलांची वेल, असे हुब्बळ्ळीचे स्पष्टीकरण कन्नड मंडळी देतात. आपण ‘हुबळी’ लिहू लागलो, जोडाक्षरे गळाली आणि वेल दिसेनाशी झाली. 1 नोव्हेंबर 2014 पासून शासनाने ‘हुब्बळ्ळी’ हे रूप स्वीकारले, तेव्हा आपल्यापैकी काहींना रुखरुख वाटली, आम्हांसही वाटली. वस्तुतः त्या दिवशी कोड्यातील पुसलेले सूत्र परत मिळाले.

मिरज संस्थानात असलेले आणि पुढे 1997 साली गदग जिल्हा होईपर्यंत आपल्या धारवाड जिल्ह्यात असलेले लक्ष्मेश्वर घ्या. त्याचे जुने नाव पुलिगेरे. मराठी कानास त्यात पूल ऐकू येतो, पण ‘पुलि’ म्हणजे वाघ आणि ‘केरे’ म्हणजे तळे. याच पुलिगेरेचा उल्लेख इ.स. 850 च्या सुमाराच्या ‘कविराजमार्गा’त शुद्ध कन्नडच्या प्रदेशातील गाव म्हणून येतो, आणि त्या ग्रंथाने पुष्कळसे घेतले आहे ते दंडीच्या ‘काव्यादर्शा’तूनच! कांचीचे कोडे घालणाऱ्याचे शास्त्र असे आपल्या दाराशी येऊन पोहोचले होते.

सीमाप्रश्नाच्या वादात दोन्ही बाजूंनी गावांची नावे फोडून मालकी सिद्ध करण्याचा अट्टहास पुष्कळ झाला. नावावरून पहिल्या नाव ठेवणाराची भाषा कळू शकते. आज तेथे कोणी राहावे हे कळत नाही. आपल्या घराण्यांनी येथे पिढ्यानपिढ्या काढल्या, दप्तरे मोडीत लिहिली, दुकाने थाटली, शाळा चालविल्या. ते ऋणानुबंध सिद्ध करण्यास धारवाडच्या नावात मराठी वाडा दडलेला असण्याची आवश्यकता नाही.

आपली नातवंडे शाळेत कन्नड शिकतात. गावाच्या नावाचा अर्थ त्यांनी विचारला, तर ठोकून उत्तर देण्यापूर्वी त्यांनाच एकदा ‘हू म्हणजे काय?’ असे विचारावे. किल्ली कदाचित त्यांच्याच हाती असेल.